फोनवरून शिकवलेली बोली

मला सिनेमातली माणसं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी सगळ्या बाजू समजून घेऊन लिहिते आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. हिंगोलीत घरी बसून मी त्यांचं काम वर्षभर केलं, आणि चार दिवसांसाठी म्हणून त्यांच्यात गेले ती दोन दिवसांत परत आले. तेवढ्यात जे मत झालं ते अजून बदललेलं नाही. त्या मतात मी स्वतःलाही धरते, कारण मी जे केलं ते कुणी जबरदस्तीनं करायला लावलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हिंगोली नुकतीच परभणीपासून वेगळी होऊन जिल्ह्याचं गाव झाली होती. म्हणजे त्याच इमारतींवर नव्या पाट्या लागल्या होत्या. मी तिथल्या एका शाळेत मराठी शिकवत होते. नांदेडच्या एका कॉलेजात बोलींवर कार्यक्रम होता. आमच्याकडच्या मजूर बायका कामावर कशा बोलतात, कशा भांडतात, एकमेकींची मस्करी कशी करतात, यावर मी तिथे अर्धा तास बोलले. बोलले म्हणजे करूनच दाखवलं. पाहुणे म्हणून मुंबईचे एक दिग्दर्शक आले होते. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी आणि बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले की तुमची भाषा ऐकताना मला मातीचा वास आला. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. मला ते वाक्य फार आवडलं. परतीच्या बसमध्ये हिंगोली येईपर्यंत मी ते मनात घोळवत होते. आज कुणी तसं म्हणालं तर मी विचारीन, तुमच्या भाषेला कशाचा येतो?

पाच-सहा महिन्यांनी त्यांचा फोन शाळेत आला. मुख्याध्यापकांच्या टेबलाशी उभी राहून मी बोलले. मराठवाड्यातल्या एका मजूर बाईवर ते सिनेमा करत होते. कथा झाली होती, पटकथा झाली होती, नटी ठरली होती. आता फक्त भाषा टाकायची राहिली आहे, असं ते म्हणाले. भाजीत मीठ टाकायचं राहावं तसं.

"मॅडम, तुम्हाला मुंबईला यायची काहीच गरज नाही," ते म्हणाले. "तुम्ही तिथूनच करा. फोन आहे, कुरिअर आहे. बाहेरच्या देशांत आता असंच काम चालतं."

हे त्यांनी असं सांगितलं की जणू मला सवलत देत आहेत. मलाही ती सवलतच वाटली. शाळा सोडायची नाही, घर सोडायचं नाही, आणि तरी सिनेमात काम. स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट तीन वेळा तरी सांगितली असेल. फार उशिरा लक्षात आलं की सवलत माझ्यासाठी नव्हतीच. त्यांना माझ्या तोंडातली बोली हवी होती. तोंड सोबत आलं असतं तर त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली असती.

पटकथा कुरिअरनं आली. निळ्या पुठ्ठ्यात बांधलेली, दीडशे पानांच्या वर. एका रविवारी मी ती बसल्या बैठकीला वाचून काढली. लिहिणाऱ्यानं मराठवाडा पाहिला नव्हता, आणि न पाहण्याची त्याला लाजही वाटली नव्हती. त्याची नायिका हळदीच्या पिवळ्याधमक शेतातून धावत येत होती. हळद जमिनीखाली असते, वावरात वर हिरवी पानं असतात, आणि पिवळेपणा बघायचा तर ती खणून, शिजवून, वाळवून घ्यावी लागते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नायिका नवऱ्याला 'धनी' म्हणत होती. बोलणं सगळं त्या ठरावीक सिनेमातल्या खेड्याचं, जे खेडं कुठल्याच जिल्ह्यात नाही. त्यात नायिका देवीला साकडं घालत होती, आणि तिची वस्ती, तिचं पाणी भरायचं ठिकाण, तिच्या अंगावर येणारं काम, सगळं पाहता ती आमच्यातली होती हे उघड दिसत होतं. आमच्या घरात देवीचा फोटो नाही, बुद्धाचा आहे. मी हे फोनवर सांगितलं, तर दिग्दर्शक म्हणाले, "आपण जात दाखवत नाही मॅडम, माणूस दाखवतो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, की देवीला नाही तर ती हाक मारील कुणाला?

मी देवी काढून टाकते एवढंच म्हणाले, आणि ते बरं म्हणाले.

काम सुरू झालं. आमच्याकडे नुकताच घरचा फोन आला होता, त्याचा उपयोग झाला. संध्याकाळी मी दहा-बारा पानं आमच्या बोलीत आणायची, आणि रविवारी सकाळी नटीचा फोन यायचा. तिचं नाव तेव्हा बऱ्यापैकी होतं. नाटकातली, शिकलेली, मराठी शुद्ध. ती एक वाक्य मागायची, मी बोलायची, ती माझ्यामागून म्हणायची. 'काहून' हा शब्द तिच्या तोंडात बसेना. 'का' आणि 'हून' असे दोन तुकडे करून ती तो म्हणायची, जणू दुसऱ्या कुणाच्या ताटातलं उचलते आहे. 'येऊन राहिले' म्हटलं की तिला हसू यायचं. हे विदर्भातलं नाही का, असं तिनं दोनदा विचारलं. मी सांगितलं की बोली जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही, आमच्या सेनगावच्या पलीकडे गेलं की लगेच विदर्भ लागतो. ती म्हणाली, "हो, पण लोकांना ते विनोदी वाटेल ना." लोक म्हणजे कोण हे तिनं सांगितलं नाही. मला तर तिनं लोकांत धरलंच नव्हतं.

तिचा फोन झाला की थोड्या वेळानं दिग्दर्शकांचा यायचा. अस्सल पाहिजे, असं ते दर रविवारी म्हणायचे. आणि दर रविवारी चार-पाच शब्द काढायला सांगायचे, कारण पुण्यात कळणार नाहीत. एकदा मी म्हटलं, पुण्यातले शब्द हिंगोलीत कळतात, मग आमचे तिकडे काहून कळू नयेत? ते खूप हसले. किती गोड बोलता मॅडम, म्हणाले. मी भांडत होते आणि त्यांना ती मिमिक्री वाटली.

तरी मी काम सोडलं नाही. हे लिहिताना आज चीड येते ती त्यांच्यापेक्षा माझीच जास्त. दर रविवारी सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन, बरी साडी नेसून मी फोनजवळ बसायची. फोनवर साडी दिसत नाही हे काय मला ठाऊक नव्हतं? माझा नवरा बाजूला पेपर वाचत बसायचा. त्यानं एकदाच विचारलं, तू आमच्याशी असं सावकाश का बोलत न्हाईस म्हणून.

दोन-तीन महिन्यांनी नटी म्हणाली की फोनवर आवाज तुटतो, तिला कॅसेट हवी. मी सगळे संवाद माझ्या आवाजात भरून पाठवले. आठवड्यानं दिग्दर्शकांचा फोन. आवाज छान आहे, पण शिकलेल्या बाईचा वाटतो, ते म्हणाले. तुमच्या ओळखीत कुणी अगदी साधी बाई आहे का?

माझी माय कुरुंद्याला, आमच्या गावी, एकटी राहायची. हळदीच्या कामाला तिचं आयुष्य गेलं होतं. काढणी, शिजवणी, वाळवणी, सगळं. शाळेचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन मी शनिवारी दुपारी तिच्याकडे गेले. ती नुकतीच कामावरून आली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. मी सगळं समजावून सांगितलं. सिनेमा, मुंबई, नटी, कॅसेट. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तिला बोलता येत न्हाई का?"

"येतं. पण आपल्यावाणी न्हाई येत."

"मग तिला तिच्यावाणी बोलू द्या की. तिला बी तोंड हायच ना."

पण मी आले आहे, मशीन आणली आहे, म्हणून ती बसली. तिला वाचता येत नव्हतं. मी एकेक वाक्य वाचायची आणि ती ते म्हणायची. म्हणजे म्हणायच्या आधी तपासायची. असं कोण बोलतं, असं तिनं निम्म्या पानांवर विचारलं. पिवळ्या शेताचं ऐकून ती मोठ्यानं हसली आणि शेजारणीला बोलावून तिलाही ऐकवलं. मला फार बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्या निळ्या पुठ्ठ्याला त्याच्या लायकीनं वागवत होतं.

शेवटाकडे नायिकेचा नवरा मरतो. तिथे लेखकानं तिला दीड पान विलाप दिला होता. धरतीला हाक, आभाळाला हाक, समाजाला प्रश्न. मी तो आमच्या बोलीत आणला होता आणि मला वाटत होतं की बरा जमला आहे. मायनं सगळा शांतपणे ऐकला.

"हिचा नवरा मेलाय ना?"

"व्हय."

"मग ही कोणासंगं बोलून राहिली एवढं?"

माय हाताची हळद खरवडत होती. मग तिनं वर न बघता सांगायला सुरुवात केली. मी विचारलं नव्हतं.

"तुझा बाप हळद शिजवायच्या कढईवरून आला होता सकाळी. म्हणला, जरा पडतो, भाकर झाली की उठव. मी भाकर केली. म्हणलं, अवं, उठा, भाकर गार हून राहिली. उठला न्हाई. मी पुन्हा म्हणलं. मग ती भाकर फडक्यात बांधून ठिवली, आन् दुसरी थापली. शेजारणी आल्या तवा मी भाकरीच करून राहिले होते. उठा म्हणत होते, आन् भाकरी करत होते."

बाप गेला तेव्हा मी वसमतला वसतिगृहात होते, नववीत. मला आणायला आलेल्या माणसानं बापाला ताप आहे एवढंच सांगितलं होतं. घरी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. त्या सकाळी काय झालं हे मायनं मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. वीस वर्षांनी ते मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि टेपरेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. तो मला दिसत होता. मी बटण दाबलं नाही.

माय नंतर उठली, चहा केला, उरलेली पानं म्हणून टाकली. तेवढा भाग पुसता आला असता. शाळेत मी कविता भरायची आणि पुसायची, मला ते यायचं. मी पुसला नाही. उलट कॅसेटच्या पाकिटावर, मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिते तशा वळणदार अक्षरात लिहिलं : दुसरी बाजू, शेवटचा भाग जरूर ऐकावा.

का, ते मी त्या वेळी स्वतःला असं सांगितलं की सिनेमा सुधारेल. खरं असं होतं की इतक्या महिन्यांत त्यांना माझं काहीच पटलं नव्हतं, आणि हे पटेल याची मला खात्री होती.

पटलं. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, हे सोनं आहे." डोळे मिटून म्हणाले असणार. दीड पानाचा विलाप गेला आणि तिथे भाकर आली. आणि आता तुम्ही शूटिंगला आलंच पाहिजे, ते म्हणाले. निदान चार दिवस, हा प्रसंग होईपर्यंत. इतके दिवस घरून चाललेलं काम आता थोडं घरून आणि थोडं तिथून असं झालं. मी रजा टाकली.

शूटिंग साताऱ्याच्या बाजूला होतं. मराठवाडा दाखवायचा तर इतक्या लांब पश्चिमेला का, हे मी विचारलं. तिथे हॉटेलं बरी आहेत असं उत्तर मिळालं. चारी बाजूंना हिरवे डोंगर. हळदीचं पिवळं शेत त्यांना अखेर सापडलं होतं : झेंडूचा मळा होता तो. आमची वस्ती म्हणून बांधलेल्या झोपड्यांना नवं गवत होतं आणि भिंतींवर पांढरी चित्रं काढलेली होती. नटीच्या तोंडाला, हातापायांना काळा रंग लावायचं काम दोन तास चालायचं. रंगवणारा माणूस भला होता. त्यानं मला जवळ बोलावलं, माझ्या हाताशेजारी तिचा हात धरून पाहिला आणि विचारलं, तुमच्याकडच्या बायका याहून काळ्या असतात ना? नटी खाली बघून हसली. मी म्हटलं, असतात, गोऱ्याही असतात. त्यानं आणखी एक हात दिला.

मला मॉनिटरमागे खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी नटी 'न्हाई' ऐवजी 'नाय' म्हणाली तेव्हा मी दिग्दर्शकांना सांगितलं. चालतं, ते म्हणाले. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला, माझ्याकडे न बघता. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्रसंग झाला. नटी सकाळपासून कानाला हेडफोन लावून एका कोपऱ्यात बसली होती, कुणाशी बोलत नव्हती. ती माझ्या मायचा आवाज ऐकत होती. मग ती आत गेली, चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "अवं, उठा, भाकर गार हून राहिली." एकदा, मग दुसऱ्यांदा. वर्षभर जिच्या तोंडात 'काहून' बसला नाही, तिनं ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. माय 'उठा' म्हणायच्या आधी घसा साफ करते. तिनं तोही केला. मायचा आवाज शेवटी किंचित वर जातो, तिचाही गेला. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकांनी डोळे पुसले. मी खुर्चीतून उठले.

नटी बाहेर येऊन माझे दोन्ही हात धरून म्हणाली की तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. तिचा रंग माझ्या हाताला लागला. जेवताना तिनं विचारलं, "आईंना हे सुचलं कसं?"

"सुचलं न्हाई," मी म्हटलं. "झालं."

तिचे डोळे भरून आले, आणि हे किती सुंदर बोललात असं ती म्हणाली. या माणसांना काहीही सांगा, त्यांना ते सुंदरच वाटतं. त्यांना लागत नाही.

संध्याकाळी मी दिग्दर्शकांना गाठलं. तो प्रसंग काढा म्हटलं. दीड पानाचा विलाप ठेवा, चालेल. त्यांनी मला समजावलं. तुमच्या आईंचं दुःख आता एकट्या आईंचं राहिलं नाही, ते सगळ्यांचं झालं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मायला विचारलेलं नाही. "पण पाठवलं तुम्हीच ना मॅडम," ते म्हणाले. आवाज न चढवता, अगदी प्रेमानं. त्या माणसानं वर्षभरात बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याची आणि तिथून हिंगोलीची गाडी धरली.

तरीही पुढे डबिंगच्या वेळी स्टुडिओतून फोन आले तेव्हा मी घेतले. हा शब्द कसा म्हणायचा, तो कसा म्हणायचा. मी सांगितलं. मायला मात्र काही सांगितलं नाही.

सिनेमा पुढच्या वर्षी हिंगोलीला लागला, आठवडाभर. मी मायला कळवलं नाही, पण तिला कळलं. आपला आवाज मुंबईला गेला आहे, हे तिनं कुरुंद्याच्या सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. ती दोन शेजारणींना घेऊन एस.टी.नं आली. तिघींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. दुपारच्या खेळाला आम्ही चौघी गेलो.

पडद्यावर सगळे त्याच ठरावीक सिनेमातल्या खेड्याची भाषा बोलत होते. माझी वर्षभराची पानं कुठेच नव्हती. डबिंगच्या वेळी मी सांगितलेले शब्द गेले कुठे, मला कळेना. मग कळलं. पाटलाच्या घरी एक गडी होता, अर्धवट, सारखा पडणारा, मार खाणारा. 'काहून', 'न्हाई', 'बराबर', 'येऊन राहिलो', आमचं सगळं त्याच्या तोंडी घातलं होतं. तो बोलला की थेटर हसायचं. हिंगोलीचं थेटर. पुढच्या रांगेतली माणसं त्याचं 'काहून' म्हणून दाखवत होती आणि हसत होती, आणि मध्यंतरात चहा मागताना तेच लोक तोच शब्द आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत होते. मायच्या शेजारणीही हसल्या. मला त्यांचाही राग आला.

मग तो प्रसंग आला. थेटर एकदम शांत झालं. मी मायकडे बघितलं नाही. संपल्यावर तिनं माझ्याकडे झुकून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "त्या बाईनं भाकरीकडं पाह्यलंच न्हाई. करपली असती."

खेळ सुटल्यावर आम्ही स्टँडवर आलो. एका शेजारणीनं विचारलं की तुझं बोलणं कोणतं होतं त्यात, आमाला तर काही ओळखू आलं न्हाई. माय म्हणाली, "काटलं असंल त्याहीनं." शेजारणी हळहळल्या. त्या तिकडे पाणी प्यायला गेल्या तेव्हा मायनं मला विचारलं.

"ते तू दिलं त्याहीला?"

"व्हय."

"मला इचारायचं होतंस."

एवढंच. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. गाडी लागली, ती चढली, खिडकीतून तिनं सांगितलं की पोरांना उद्या हळदीचं दूध दे, थोरल्याला खोकला आहे. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि बापाविषयीही बोलली नाही. आधी अधूनमधून बोलायची, म्हणजे तो कसा चिडायचा, कसा जेवायचा वगैरे. ते बंद झालं. सिनेमानं माझं नुकसान केलं असेल तर ते हे.

पाच-सहा वर्षांनी दिग्दर्शकांचा पुन्हा फोन आला. तोवर मायचे गुडघे गेले होते आणि ती आमच्याकडे राहायला आली होती. हिंगोलीत इंटरनेटची दुकानं निघाली होती. दिग्दर्शक आता मोबाइलवरून बोलत होते आणि म्हणाले की आता तर फारच सोपं झालं आहे, तुम्ही सगळं ई-मेल करायचं, आवाजसुद्धा. नवा सिनेमा एका म्हाताऱ्या आईवर होता. तिचा मुलगा जातो. त्यासाठी त्यांना तसंच काहीतरी हवं होतं. तसंच म्हणजे काय, मी विचारलं. आईंना विचारा ना, ते म्हणाले, त्यांच्याकडे असेल.

मी म्हटलं, तुम्हीच विचारा, आणि मायच्या हातात फोन दिला.

"जयभीम," माय म्हणाली. तिकडून जरा वेळानं नमस्कार आला असावा, कारण माय थोडी थांबली. मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. दिग्दर्शक समजावून सांगत असणार. तिनं मध्ये एकदा 'व्हय' म्हटलं. शेवटी ती बोलली.

"तुमचे आईवडील हाईत का?"

नाहीत, असं उत्तर आलं असावं.

"मग तुमी आधी सांगा. माय कशी गेली तुमची? तुमी तवा काय करत होते? सांगा, मी ऐकून राहिले."

ती खरंच ऐकत होती. टोमणा नव्हता त्यात. तिच्या लेखी एकानं सांगितलं की दुसऱ्यानं सांगायचं, हा साधा व्यवहार होता. ती रिसीव्हर कानाला लावून बसली आणि मी समोर उभी होते. थोड्या वेळानं तिनं तो माझ्याकडे दिला. आवाज तुटून राहिला म्हणतो, ती म्हणाली. मी कानाला लावला तेव्हा फोन बंद झाला होता.

त्यांनी पुन्हा केला नाही. लातूरकडच्या कुणा बाईंना धरलं, असं नंतर कळलं. त्याही शिक्षिकाच होत्या. त्यांना पत्र लिहावं असं मला वाटलं होतं, पण लिहिलं नाही. सिनेमा झाला, त्याला बक्षिसं मिळाली, पेपरात दिग्दर्शकांचा डोळे मिटलेला फोटो आला. मी तो सिनेमा पाहिला नाही. मायनं पाहिला, शेजारच्यांच्या टीव्हीवर. कसा होता, मी विचारलं.

"बरा होता," ती म्हणाली. "म्हातारी लई बोलती."